दिवेआगर ते आचरे : मामांच्या जीपची तयारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दिवेआगरला गेलो तो मामींना भेटायला आणि परतलो तो मामांच्या जीपची जबाबदारी अंगावर घेऊन. मामा गेल्याला आता दोन वर्षे होतील. वाडीच्या टोकाला, आमच्याकडे ज्याला मांगर म्हणतात तशा एका छपराखाली, त्यांची १९७२ सालची महिंद्रा सीजे-३बी ताडपत्री पांघरून उभी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, छपराची अर्धी कौले उडाली आणि एक माड जीपच्या काचेच्या चौकटीवर येऊन पडला. मामांनी माड तोडून बाजूला केला, ताडपत्री बांधली आणि पावसाळ्यानंतर बघू असे म्हटले. त्यानंतर ती पाच वर्षे हलली नव्हती.

मधल्या काळात घेणारे दोघे-तिघे येऊन गेले होते. एकाने भंगाराचा भाव सांगितला आणि दुसऱ्याला गाडीपेक्षा तिचे कागद व चेसिस नंबर यांतच रस होता. मामी मला म्हणाल्या, "कापायला मी देणार नाही. तुला न्यायची तर ने, पण उचलून नेऊ नकोस, चालवत ने. ह्यांनी ती कधी टोचन करून आणली नाही." माझे घर सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला, म्हणजे सागरी मार्गाने आणि तीन जंगल जेट्टींनी (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटींनी) पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. एका ट्रकवाल्याने सोळा हजार रुपये सांगितले होते. हिशेबाने पाहिले तर तोच शहाणपणाचा मार्ग होता, कारण पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या कित्येक पट पैसे गेले. तरी मामींच्या बोलण्यानंतर ट्रकचा विषय मी पुन्हा काढला नाही.

या गाडीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची बरीच कामे तिच्या रचनेतूनच निघाली. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिजच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि १९५३ साली विलिजने आणलेले सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद पडल्यानंतरही आपल्याकडे कितीतरी वर्षे निघत राहिले. बॉनेट उंच असते ते शोभेसाठी नव्हे. २१९९ सीसीच्या या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्यावर बॉनेट चढवावे लागले. कोकणातल्या बहुतेक जुन्या जीपची ही पेट्रोल इंजिने काढून तिथे डिझेल इंजिने बसली. मामांनी ते केले नाही. गाडी वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर चालायची, तीही नारळ-सुपारी बोर्लीच्या बाजारात नेण्यापुरती, त्यामुळे डिझेलचा फायदा त्यांच्या लेखी नव्हता.

मांगराच्या खांबाला खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत एक वही टांगलेली होती. १९८१ पासून तेल कधी बदलले, ग्रीस कधी मारले, कोणता पार्ट कुठून आणला हे सारे मामांनी त्यात पेन्सिलीने लिहून ठेवले होते. स्पीडोमीटर २००४ मध्ये बंद पडल्याची नोंदही होती आणि "लागत नाही" असे पुढे लिहून तो विषय त्यांनी संपवला होता. कामाला बोर्लीचे जे मिस्त्री आले त्यांनी मामांच्या हयातीत या गाडीला अनेकदा हात लावला होता. त्यांनी पहिल्या दिवशी पाना न उचलता ती वहीच तासभर वाचली, आणि त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास तिथेच बसला.

इंजिनाची भीती मला सर्वांत जास्त होती आणि त्यानेच सर्वांत कमी त्रास दिला. बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारायचा नाही, हा मिस्त्रींचा पहिला नियम. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण थोडेथोडे ओतले, एक रात्र जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी पुढून हँडल घालून हाताने, अर्धा-अर्धा फेरा करत, इंजिन सोडवले. एअर क्लीनर उघडला तर आत उंदराने सोडणाच्या काथ्याचे इतके मऊ घरटे केले होते की ते मोडताना वाईट वाटले. तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन, म्हणजे आत कोंडला जाणारा दाब, शून्य आले. वहीत १९९८ च्या पानावर "३ नं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा" अशी नोंद असल्याने मिस्त्रींनी हेडला हात न लावता एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालचे साइड कव्हर उघडले. व्हॉल्व्ह उघडा राहून गंजाने अडकला होता. तेल सोडत, लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकत, दीड दिवसात तो मोकळा झाला. मग टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हपाशी सोडायची फट ठरवली, थंड इंजिनावर इनटेकला १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाऊ. कॉम्प्रेशन १०५, १००, १०५ आणि ९० पौंड आले. नव्या इंजिनाचे ते आकडे नव्हेत, पण चौघांत फार तफावत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सलाईनसारखी पेट्रोलची बाटली बॉनेटच्या कडेला टांगून, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडून, हँडलच्या पाचव्या फेऱ्याला इंजिन बोलले. निळा धूर पोफळींच्या शेंड्यांपर्यंत गेला, शेजारची मुले धावत आली आणि मामींनी देवापुढे साखर ठेवली. मी तर मनातल्या मनात आचऱ्याला पोहोचलोच होतो. मिस्त्रींनी बाटलीचा कॉक बंद केला आणि हात पुसत म्हणाले, "मास्तर, हे झालं चार आण्याचं काम. चालू झालेली गाडी उद्या बंद पडली तर रस्त्यात उभी राहील. पण थांबवायची म्हटल्यावर थांबली नाही तर? आता बारा आणे बाकी आहेत." त्यांचा हिशेब अगदी खरा होता. इंजिनाला चार दिवस लागले, उरलेल्या कामाला दोन महिने.

ब्रेकपासून सुरुवात झाली. या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सगळ्यांना मिळून, पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट असते. आजच्या गाड्यांत एक सर्किट गेले तरी दुसरे उरलेल्या ब्रेकवर गाडी थांबवते, इथे मात्र एखाद्या पाइपला टाचणीएवढे भोक पडले की चारही ब्रेक एकदम जातात. त्यात ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि दिवेआगरच्या हवेत आर्द्रतेबरोबर मीठही असते. पुढची ड्रम काढल्यावर गंजाचे पापुद्रे हातावर सुपारीच्या सालीसारखे सुटून आले. प्रत्येक चाकात ब्रेक दाबणारे जे व्हील सिलिंडर असतात त्यांतले पिस्टन जागीच धरले होते. पेडल पुढेमागे होत होते हे खरे, पण ते नुसती मास्टर सिलिंडरमधली स्प्रिंग दाबत होते, चाकापर्यंत काहीच पोहोचत नव्हते.

मागची ड्रम काढणे हे वेगळेच प्रकरण निघाले. मागचा हब ॲक्सल शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी (लोखंडी पाचर) घालून घट्ट बसवलेला असतो आणि तो ओढून काढणाऱ्या जाडजूड पुलरशिवाय निघत नाही. बोर्लीत पुलर होता पण त्याचे आटे गेलेले. श्रीवर्धनहून दुसरा आणला, तो लावून, ताण देऊन, रात्रभर तसाच ठेवला. पहाटे मांगरातून बंदुकीसारखा आवाज आला आणि मी धावत गेलो तर उजवा हब स्वतःच सुटून पुलरसकट लोंबकळत होता. नट पूर्ण काढायचा नाही, टोकाला ठेवायचा, असे मिस्त्रींनी आदल्या रात्री बजावले होते त्याचा अर्थ तेव्हा कळला, नाहीतर तो लोखंडाचा गोळा कोणाच्या तरी अंगावर उडाला असता.

सगळे जुने लोखंडी ब्रेक पाइप काढून नवे टाकले, रबरी होज बदलले, ब्रेक शूंना नवे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारे अस्तर, मारून घेतले आणि ड्रम लेथवर आतून साफ करून घेतली. नव्या व्हील सिलिंडरपैकी एक बसवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी पाझरू लागला. दुकानदाराने तो परत घेतला नाही. मिस्त्रींनी उघडून दाखवले तर आतल्या रबरी कपाला साच्याची धार तशीच राहिली होती. तेव्हापासून आम्ही आणलेला प्रत्येक नवा पार्ट बसवण्याआधी उघडून पाहिला, आणि दोन ठिकाणी तर मामांचा जुना, पितळी आणि चांगला पार्टच धुऊन परत लावला. जुन्या गाडीला सगळे नवे घालावे असे ज्यांना वाटते त्यांनी हल्लीचे पार्ट एकदा हातात घेऊन पाहावेत. शेवटी ब्रेकची हवा काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे येत, आणि मी पेडलवर पाय ठेवून "दाबा", "धरा", "सोडा" यांचे पाठांतर दोन तास केले.

हँडब्रेकची गोष्ट यापेक्षा निराळी. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवरच्या एका लहान ड्रमवर असतो. चढावर तो उत्तम धरतो, पण शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सुटते. जेट्टीवर हे आपल्याला परवडणारे नव्हते, म्हणून सगळे क्रॉस नवे घातले आणि शिवाय फणसाच्या लाकडाच्या दोन पाचरी करून सीटमागे बांधून ठेवल्या.

त्यानंतर इंधन. ड्रायव्हरच्या सीटखाली चाळीसेक लिटरची पत्र्याची टाकी असते. तीत पाच वर्षांपूर्वीचे पेट्रोल आटून तळाशी काकवीसारखा थर झाला होता आणि एका कोपऱ्याला दोन भोके होती. डाग देण्याआधी टाकी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन, दोन दिवस पाण्याने काठोकाठ भरून ठेवली. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोलच्या टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट, आणि या बाबतीत घाई करणाऱ्या कारागिराकडे टाकी देऊच नये असे माझे मत झाले आहे. खरी अडचण मात्र नव्या पेट्रोलचीच आहे. आता पंपावर मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि १९७२ च्या गाडीतले रबर हे लक्षात घेऊन बनवलेले नव्हते. जुनी नळी त्यात बुडवून ठेवली तर चार दिवसांत ती फुगून बोटाने दाबल्यावर काळी होऊ लागली. त्यामुळे सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, एक पडदा जास्तीचा घेतला आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर टाकला, म्हणजे टाकीतून काय येते आहे ते बॉनेट उघडताक्षणी दिसेल. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून तेच पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनाभर उभी करायची नाही, एवढे पथ्य पुढेही राहील.

रेडिएटर माणगावला पाठवला. तिथल्या कारागिराने वरची टाकी उघडून नळ्यांमधून सळ्या घातल्या तेव्हा निम्म्या नळ्या बंदच निघाल्या. ब्लॉकच्या बाजूचा एक वॉटर प्लग (पाण्याच्या पोकळीचे पत्र्याचे बूच) स्क्रूड्रायव्हरने टोचताच आत गेला, तेव्हा सगळेच बदलले. वायरिंगविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. कापडी वेष्टनाच्या तारांवर हिरवा कीट चढला होता, ते सगळे काढून नवे टाकले आणि प्रत्येक अर्थिंगची जागा चकचकीत होईपर्यंत घासली. डायनामो जुनाच ठेवला. तो मंद गतीला फारसा करंट देत नाही, म्हणून रात्री गाडी चालवायची नाही असे ठरवले.

टायरांनी मला फसवले असते. पाचही टायरांची नक्षी जवळजवळ नवी होती, आणि ६.००-१६ या मापाचे टायर सहज मिळत नाहीत म्हणून ते ठेवावेत असा मोह झाला. टायरच्या बाजूला जे चार आकडे असतात त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरांवर ३१०९ होते, म्हणजे २००९ च्या ऑगस्टच्या सुमारास बनलेले. हवा भरल्यावर बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा उघडल्या. पाचही नवे घेतले, ट्यूबसकट.

ते बसवताना टायरवाल्याच्या पोऱ्याने एक उद्योग करून ठेवला. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, धावताना नट सैल होऊ नयेत म्हणून, आणि त्या स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर कोरलेले असते. ते मातीखाली झाकले गेले होते. नट निघत नाही म्हणून त्याने पान्याला चार फुटी पाइप लावला आणि आपल्या परीने सोडवत, खरे म्हणजे आवळत, स्टड मुळापासून तोडला. मी तिथेच उभा होतो आणि मला हे माहीत होते, पण मी त्या क्षणी मामींशी फोनवर बोलत होतो, त्यामुळे चूक निम्मी माझी. नवा उलट्या आट्याचा स्टड मिळायला नऊ दिवस लागले. त्यानंतर मी डाव्या दोन्ही चाकांच्या रिमवर पांढऱ्या रंगाने "उलटे" असे मराठीत लिहून टाकले.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मी एसटीने परत गेलो. गिअरबॉक्स आणि हौसिंगची (ॲक्सलच्या पेट्यांची) तेले बदलणे, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, काचेची वाकलेली चौकट सरळ करणे ही कामे मिस्त्रींनी माझ्या मागे केली. गिअरबॉक्सच्या तेलाबाबत आमचा फोनवर वाद झाला. आत गिअर गुंतताना वेग जुळवणारे पितळी सिंक्रोनायझर असल्याने जीएल-४ दर्जाचेच तेल घालावे असा माझा आग्रह होता, तर मिस्त्रींचे म्हणणे असे की मामांनी मिळेल ते घातले आणि गाडी चालली. वहीत पाहून त्यांनीच नंतर फोन केला, "तुमचं बरोबर आहे मास्तर, दादांनी लिहून ठेवलंय."

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. गाडी आधी ३१ नंबरचा फॉर्म भरून वारस म्हणून मामींच्या नावावर झाली, संपलेल्या नोंदणीचे नूतनीकरण २५ नंबरच्या फॉर्मवर झाले, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी झाले. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते आणि तिचा व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. तो नंबर दिसायला छान दिसला असता, परंतु अशी गाडी प्रदर्शन आणि रॅलीसारख्या निमित्तानेच रस्त्यावर आणता येते. मला आचऱ्याच्या बाजाराला जायचे होते, म्हणून साधीच नोंदणी चालू ठेवली.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा दिवेआगरला आलो आणि पहिल्याच सकाळी चाचणीसाठी भरडखोल, शेखाडी, आरावी असे समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धनला निघालो. मिस्त्री शेजारी, मी स्टिअरिंगवर. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच करावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, हे पायाला आठवायला दोन चढ गेले. शेखाडीच्या उतारावर ब्रेक लावला की गाडी किंचित उजवीकडे ओढू लागली. श्रीवर्धनला थांबून हात लावला तर तीन ड्रम गरम आणि डावे मागचे कोमट, आणि त्याच्या कडेतून काळा ओघळ. हौसिंगमधले तेल, ते अडवणारे रबरी सील ओलांडून ड्रममध्ये उतरले होते आणि नवा लायनर त्यात भिजला होता.

सील नवे होते, म्हणून साहजिकच ते खराब निघाले असे आम्ही धरले. दुसरे बसवले. दुसऱ्या चाचणीत पुन्हा तेच. पुलर, हब, लायनर असा सगळा खटाटोप तिसऱ्यांदा करण्याआधी मिस्त्री गाडीखाली पाठीवर पडले आणि बराच वेळ काही न बोलता पडूनच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे एक सायकलची तार मागितली. मागच्या हौसिंगच्या माथ्यावर, धूळ आणि ग्रीसखाली दडलेला, करंगळीएवढा एक ब्रीदर असतो. गाडी चालल्यावर आतले तेल तापते, हवा फुगते आणि ती इथून बाहेर पडते. त्या भोकात कुंभारमाशीने आपले घर केले होते. पक्की, वाळलेली, विटेसारखी माती. हवेला वाट नसल्याने ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. तार फिरवताच फुस्स आवाज आला आणि मिस्त्री गाडीखालूनच हसले. पहिले सील निर्दोष होते, ते आम्ही उगाच फेकले.

लायनर पेट्रोलने धुऊन, घासून परत बसवला, पण शाफ्टवर जिथे सीलचे ओठ टेकतात तिथे इतक्या वर्षांची एक बारीक चर पडलेली होती. ती काढायची तर शाफ्ट बाहेर काढून त्यावर बाही (धातूची पातळ नळी) चढवावी लागली असती. मिस्त्री म्हणाले, पोहोचाल, पण रोज संध्याकाळी बघा. तिसऱ्या चाचणीत गाडी सरळ थांबली. त्यानंतर आणखी दोन दिवस रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवली आणि मगच सामान बांधायला घेतले.

बरोबर काय न्यावे यावर मिस्त्रींनी माझी यादी निम्मी केली. मी अर्धे गॅरेज न्यायला निघालो होतो. त्यांचे म्हणणे असे की जे रस्त्याकडेला, एकट्याने, तासाभरात बदलता येते तेवढेच न्यायचे, बाकीचे फोन करून मागवायचे. त्यामुळे फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पंपाचा पडदा, दोन होजपाइप, एक ट्यूब, ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी, सुंभाची दोरी आणि जॅकखाली घालायला फळी एवढेच गेले. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर चुन्याने १-३-४-२ असा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम लिहून घेतला, कारण घाईत तारा उलटसुलट होतात हे मी स्वतःला चांगले ओळखून आहे.

मुंबई-गोवा महामार्ग मी मुद्दाम टाळला. ही जीप पन्नास-पंचावन्नच्या वर आनंदाने चालत नाही आणि मागून येणारे ट्रक त्याबद्दल आनंदी नसतात. सागरी मार्गाला चढउतार जास्त, वळणे आंधळी आणि रस्ता अरुंद, पण दर पाच-दहा किलोमीटरला गाव आहे आणि गावात जीप ओळखणारा कोणीतरी असतोच. मिस्त्रींना काळजी होती ती जेट्ट्यांची. बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला, अशा तीन खाड्या बोटीने ओलांडायच्या होत्या. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. त्यांनी दिवेआगरच्याच एका उतारावर मला लो गिअर आणि फोर व्हील टाकून, ब्रेकला पाय न लावता, नुसत्या इंजिनावर गाडी उतरवायला दहा वेळा लावली आणि मग तितक्याच वेळा रिव्हर्समध्ये.

निघालो त्या सकाळी मामींनी बॉनेटवर नारळ ठेवला आणि वही माझ्या हातात दिली. बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. बोटीवरच्या माणसाने रिव्हर्समध्ये चढायची खूण केली. मी लो टाकला, फोर व्हील टाकले, आणि मागे मान वळवून, शेवाळावरून, पायी चालणाऱ्याच्या गतीने गाडी बोटीवर घेतली. मागचे चाक एकदा घसरले, पुढच्याने धरले. हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून, फणसाच्या पाचरी चाकाला लावल्या, तेव्हा त्या माणसाने त्या पायाने ठोकून पाहिल्या आणि मान डोलावली.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा झाला नाही, याचाच मला आनंद आहे. तीन दिवस लागले, गुहागर आणि रत्नागिरी असे दोन मुक्काम झाले. दापोलीच्या अलीकडे एकदा पेट्रोल पंप तापून गाडी अडखळली, ओले फडके गुंडाळून वीस मिनिटे थांबलो. जैतापूरच्या पुलाजवळ फॅन बेल्ट ताणून घेतला. कुणकेश्वर मागे टाकले तेव्हा ऊन कलले होते आणि अंधार पडण्याआधी गाडी आचऱ्याला अंगणात उभी राहिली.

इंजिन गार होईपर्यंत मी गाडीखाली टॉर्च घेऊन शिरलो आणि मग ओसरीवर बसून वहीत मामांच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिले : "दिवेआगर ते आचरे, ३८६ कि.मी. फोनवरून, मीटर बंद. इंजिन ऑइल पाऊण लिटर घातले. रेडिएटरचे पाणी बरोबर. दुसरा गिअर उतारावर एकदा निसटला. डाव्या मागच्या ड्रमच्या कडेला तेल. शाफ्टला बाही घालणे."